बोटांची रजा

दोरवालीने उजवा अंगठा चौथ्यांदा ओल्या फडक्याने पुसला, फुंकर घालून वाळवला आणि पुन्हा त्या लहानशा काचेवर ठेवला. काचेखालचा प्रकाश क्षणभर थरथरला, एखाद्या विहिरीच्या तळातून कोणी वर पाहावे तसा. आणि मग तांबडा झाला.

"तर्जनी बघा," कर्जसंस्थेच्या शाखेतली बाई म्हणाली.

तर्जनी झाली, मधले बोट झाले, अनामिका झाली, करंगळी झाली. मग डावा हात. दहा वेळा तो प्रकाश थरथरला आणि दहा वेळा तांबडा झाला. भट्टीवालीच्या मागच्या खोलीत पिठाच्या गोण्यांवर बसलेल्या तिघीजणी मान पुढे काढून त्या काचेकडे पाहत होत्या.

"काय म्हणतंय ते?" भट्टीवालीने विचारले.

"बोट ठेवलेलंच नाही असं म्हणतंय. इथं कोणी नाही म्हणे."

"एवढी माझी अख्खी गोणी अडवून बसलीय ती, आणि कोणी नाही?"

शाखेतली बाई हसली नाही, पण हसू आवरायला तिला थोडे प्रयास पडले. ती वयाने लहान होती. दर मंगळवारी दुपारी, पाव विकून झाल्यावर भट्टी जेव्हा नुसती ऊब देत राही त्या वेळी, ती आपली पिशवी घेऊन या खोलीत येई आणि जाताना कपड्यांवरचे पीठ झटकत जाई. तिची संस्था बायकांना लहान लहान कर्जे देत असे. तारण म्हणून घर नको, दागिना नको. चौघींनी मिळून गट करायचा आणि प्रत्येकीने उरलेल्या तिघींना जामीन राहायचे, एवढीच अट. या चौघींचा गट आठ वर्षांचा होता. त्या आठ वर्षांत भट्टीवालीची भट्टी दुप्पट झाली होती, शिंपिणीकडे दुसरे शिवणयंत्र आले होते, कोंबडीवालीच्या खुराड्याला पक्के छप्पर मिळाले होते. दोरवालीनेही दोनदा काथ्यासाठी कर्ज घेतले आणि फेडले होते. तेव्हा कागदावर शाईचा अंगठा पुरत असे. डाग उमटला की काम भागे. त्या डागात रेषा आहेत की नाहीत हे कोणी पाहिले नव्हते.

यंदा शाई गेली आणि काच आली.

"रेषाच नाहीत," शाखेतली बाई तिचा हात उजेडाकडे वळवीत म्हणाली. "घासून गेल्यात पार."

दोरवालीने स्वतःच्या बोटांकडे पाहिले. बोटांची टोके नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत आणि चकचकीत होती. वीस वर्षे ओला काथ्या त्यांच्यामधून सरकत गेला होता. ती मागे मागे चालत जाई आणि कमरेच्या झोळीतला काथ्या बोटांतून सुटत सुटत दोर होई. किती कोस दोर गेला असेल, हे तिने कधी मोजले नव्हते. त्याबरोबर आणखी काही गेले, हे तिला आज कळले.

"आम्ही तिघी सांगतो की," शिंपीण म्हणाली. "हीच ती. गट झाला त्या दिवसापासून ओळखतो."

"जामीनदाराचं चालतं तसं. कर्ज घेणारीचं बोट मात्र तिचंच उठावं लागतं. त्याला पर्याय नाही, ताई."

शाखेतल्या बाईने खोलीबाहेर जाऊन फोन केला आणि बऱ्याच वेळाने ती परत आली. वरिष्ठांनी सांगितले होते की त्वचेवरच्या रेषा पुन्हा येतात. काम बंद ठेवले, हाताला पाणी आणि घर्षण लागू दिले नाही, तेल लावत राहिले, तर तीन आठवड्यांत पुष्कळ फरक पडतो.

"म्हणजे हातांना रजा द्यायची," ती म्हणाली.

"दोर वळायचं यंत्र घ्यायला कर्ज हवं," शिंपीण शांतपणे म्हणाली, "आणि कर्ज मिळायला दोर वळायचा नाही. म्हणजे जेवायचं असेल तर आधी उपाशी राहा."

दोरवाली मनात दिवस मोजत होती. बंद पडलेल्या एका कारखान्यातले जुने यंत्र मालकाने तिच्यासाठी महिनाअखेरीपर्यंत राखून ठेवले होते. आजवर दोराला पीळ देणारे तिचे चाक सासूबाई फिरवीत असत. चाकाला दुसरे माणूस लागतेच. गेल्या हिवाळ्यात सासूबाईंचा खांदा गेला. नवरा बोटीवर खलाशी, सहा महिन्यांतून एकदा घरी येणारा. यंत्र आले तर चाक आपले आपण फिरेल. आले नाही, तर धक्क्यावरच्या होड्यांना दर आठवड्याला द्यायचे दोर थांबतील. आणि धक्क्याचा कंत्राटदार हल्ली दोन वेळा म्हणाला होता की प्लॅस्टिकचा दोर स्वस्त पडतो.

"तीन आठवडे दोर दिले नाहीत, तर चौथ्या आठवड्यात कोणी मागायचं नाही," ती अखेर म्हणाली.

"आम्ही वळू," भट्टीवाली म्हणाली.

"तुला येतं?"

"वेणी घालता येते. तीन पेडांचंच काम ना?"

कोंबडीवाली आजवर गटात जेवढे बोलली असेल तेवढे एका वेळच्या भाकरीवर लिहून झाले असते. तिने फक्त मान हलवली. त्या मानेत नकार नव्हता.

*

दोरवालीच्या घरामागे लांबच लांब, अरुंद अंगण होते. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला कुंपण. मध्ये पावलांनी गुळगुळीत झालेली एक वाट. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वाटेवर पहिल्यांदा परकी पावले पडली.

सासूबाई उपड्या टोपलीवर बसल्या होत्या. त्यांनी या कर्जाला पहिल्यापासून नाक मुरडले होते. पण अंगणात कोणी चुकीचा दोर वळत असताना गप्प बसणे त्यांच्या हाडात नव्हते.

"मागं चाल. मागं. पुढं चालतात त्या बाजाराला जातात."

भट्टीवाली मागे चालू लागली आणि कुंपणावर आदळली.

"दोर वळतेस का वेणी घालतेस? सैल सोड. पिठाचा गोळा नाही तो तिंबायला."

"मावशी, तुमच्या सुनेला यंत्र ओळखत नाही," चाकाचा दांडा धरलेली शिंपीण म्हणाली, "तुम्हाला तर ते पाहूनच घाबरेल."

"माझ्या बोटांच्या रेषा गेल्या तेव्हा हिचा नवरा पाळण्यात होता. मला कुणी विचारलं नाही, तू कोण म्हणून. काथ्यानं तरी कधी विचारलं नाही."

"सुंभ जळला तरी पीळ जळत नाही," शिंपीण पुटपुटली.

"ऐकू येतं मला. खांदा गेलाय, कान नाही."

दोरवाली ओसरीत बसली होती. शिंपिणीने जुन्या चादरीच्या मऊ कापडाचे तिच्या हातांसाठी मोजे शिवून दिले होते. तेल लावलेले दोन्ही हात त्या मोज्यांत घालून तिने ते मांडीवर ठेवले होते, एखाद्याने आपल्याकडे सांभाळायला दिलेल्या झोपलेल्या दोन जिवांसारखे. चाक कुरकुरले की तिचे खांदे आपोआप मागे सरत. दोराचा पीळ जास्त झाला की तिला तो आवाजावरून कळे, आणि तोंडापर्यंत आलेला शब्द ती गिळून टाकी; सांगायला सासूबाई होत्याच.

पहिल्या आठवड्यात तिला हातांचा राग आला. भांडे उचलायला जावे, तर सासूबाई म्हणत, "ठेव. पाहुणे आहेत ते." रात्री निजताना हात कोठे ठेवावेत हेच तिला कळेना. वीस वर्षे ते दमून आपले आपण पडत असत.

दुसऱ्या आठवड्यात राग विरला, आणि त्याच्या जागी काही तरी संथ, धुक्यासारखे आले. दुपारच्या उन्हात काथ्याची धूळ अंगणभर तरंगत राही. त्या सोनेरी धुळीतून एक बाई मागे मागे चालत जाताना दिसे. ती कोण, भट्टीवाली की कोंबडीवाली, हे अर्धमिटल्या डोळ्यांना उमगत नसे. कधी वाटे, ती आपणच आहोत. ओसरीत बसली आहे ती दुसरी कोणी. मग ती चालणारी कुंपणापाशी पोचे, दोर हुकाला अडकवी, आणि पुन्हा चाकापासून आरंभ होई. त्या येण्याजाण्याला काळाचे भान उरलेले नव्हते. असे वाटे, की जगातल्या सगळ्या नावा कोणत्या ना कोणत्या दोराने याच अंगणाला बांधलेल्या आहेत आणि पाण्यावर हलके हलके डुलत आहेत.

दुसऱ्या मंगळवारी शाखेतली बाई येऊन हप्ते घेऊन गेली. जाताना तिने मोजे काढायला लावून बोटे पाहिली. काही दिसले नाही. "अजून आठवडा आहे," ती म्हणाली, आणि ते वाक्य तिला स्वतःलाच फारसे पटलेले नव्हते.

त्याच्या दोन दिवसांनी, पहाटेच्या उजेडात, दोरवालीने हात डोळ्यांसमोर धरला. अंगठ्याच्या टोकावर काही तरी होते. भरती ओसरल्यावर वाळूवर पाण्याच्या बारीक लहरींची नक्षी राहते, तशी. एकात एक गुंफलेली वलये, मध्यभागी एक छोटासा भोवरा. तिने तो हात कलता केला, सरळ केला. नक्षी मावळली, परत उगवली. स्वतःच्या देहावर ही अक्षरे होती आणि वीस वर्षे तिने ती पाहिली नव्हती. कदाचित त्याआधीही कधी पाहिली नव्हती.

त्या दिवशी तिने सासूबाईंच्या खांद्याला तेल लावले. ते ती रोजच लावी. पण आज बोटे त्या कातडीवर टेकताच ती थबकली. कातडी सुरकुतलेली आहे हे तिला डोळ्यांनी माहीत होते. आज ते बोटांना कळत होते. प्रत्येक सुरकुती वेगळी होती. खांद्याच्या खोबणीत एक छोटी, कडक गाठ होती, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याने ती तिथे थोडी थोडी बसवलेली होती.

"काय गं, थांबलीस का?"

"इथं दुखतं?"

"तिथंच. इतकी वर्षं चुकीच्या जागी चोळत होतीस." सासूबाईंनी खांदा तिच्या बोटाखाली सरकवला. "मी म्हटलं, लावतेय मनापासून, तर कशाला बोला."

दोरवालीचे बोट बराच वेळ त्या गाठीभोवती फिरत राहिले. सासूबाईंचे डोळे मिटले. बाहेर चाक कुरकुरत होते.

तिसऱ्या आठवड्यात बोटांना एवढ्या गोष्टी कळू लागल्या की तिचे बाकीचे भान मंदावले. लाकडाचे पदर, कापडाची वीण, भांड्याच्या कडेवरचा बारीक चरा. ती हात लावी आणि तेथेच हरवून जाई. शिंपीण दोन दिवस हातात काही न धरता तळव्यांनीच चाकाचा दांडा ढकलीत होती, हे तिने पाहिले आणि त्यावर विचार केला नाही. भट्टीवालीच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"काय झालं?" दोरवालीने विचारले.

"भट्टीचा चटका. नवीन काय त्यात."

कोंबडीवालीने हात पाठीमागे घेतले. तिला विचारले असते, तर कोंबडीने टोचले म्हणून तिने सांगितले असते. पण तिला कोणी विचारले नाही. दोर मात्र दर आठवड्याला धक्क्यावर गेले. पहिल्या खेपेचा दोर पाहून कंत्राटदार म्हणाला होता की हा दोर आहे की अजगर. तिसऱ्या खेपेला त्याने काही म्हटले नाही.

*

तिसऱ्या मंगळवारी भट्टीवालीच्या खोलीत चौघीजणी वेळेआधीच येऊन बसल्या. महिना संपायला तीन दिवस होते. शाखेतल्या बाईने पिशवीतून यंत्र काढले, काच पुसली, आणि खोलीत भट्टीच्या उबेशिवाय काही हलले नाही.

दोरवालीने मोजा काढला. अंगठा काचेवर ठेवताना तिने श्वास रोखला होता. काच थंड होती. तिच्या गुळगुळीतपणातही एक बारीकसा खडबडीतपणा होता, तो तिला जाणवला. प्रकाश थरथरला. थरथरत राहिला. आणि मग पावसाळ्यातल्या पानासारखा हिरवा झाला. पडद्यावर तिचे नाव आले, वय आले, पत्ता आला.

"आली बाई," शाखेतली बाई म्हणाली. "आहात तुम्ही."

शिंपिणीने डोळ्यांना बाही लावली आणि पीठ गेले म्हणून सांगितले. भट्टीवाली म्हणाली, "मी तेव्हाच सांगत होते, गोणीवर कोणी तरी बसलंय."

"आता जामीनदार. एकेक करून या. दोन मिनिटांचं काम."

भट्टीवाली पुढे झाली. तिने अंगठ्याची चिंधी सोडली आणि बोट काचेवर ठेवले. प्रकाश तांबडा झाला.

"पुसून ठेवा."

पुसून ठेवले. तांबडा. दुसरे बोट, तिसरे बोट. तांबडा. शाखेतल्या बाईने शिंपिणीला खूण केली. शिंपिणीचे बोट काचेला टेकताच तिने दात आवळले. बोटाचे टोक लाल होते आणि त्यावरची कातडी निघून गेलेली होती. तांबडा. कोंबडीवालीने दोन्ही हात एकदम पुढे केले, झडती द्यावी तसे. तिची आठ बोटे सोललेली होती. उरलेल्या दोनांवर पाणी भरलेले फोड होते.

भट्टीतला एक निखारा बारीक आवाज करून फुटला.

"हे काय केलंत तुम्ही?" शाखेतली बाई हळूच म्हणाली.

"दोर," कोंबडीवाली म्हणाली.

मग भट्टीवालीला हसू फुटले. ती पोट धरून, आवाज न करता हसत राहिली. तिला पाहून शिंपीणही हसू लागली आणि हसता हसता बोटांवर फुंकर घालू लागली. "एकीच्या रेषा उगवायला तिघींच्या खर्च केल्या," ती म्हणाली. "कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आठ वर्षं दुसरीचा हिशेब तपासतोय आम्ही, आणि हा एवढा साधा चुकला."

दोरवाली हसली नाही. ती त्या सहा हातांकडे पाहत होती. तिने ते रोज पाहिले होते. धुळीतून, अर्धमिटल्या डोळ्यांनी.

शाखेतल्या बाईने पिशवीतून नियमांचे पुस्तक काढले. पाने उलटताना तिची बोटे घाई करीत होती. एका पानावर ती थांबली, ओठ हलवून तिने ते दोनदा वाचले.

"जामीनदाराचं बोट उठलं नाही तर ओळख देणारा चालतो," ती म्हणाली. "पण ओळख देणाऱ्याचं स्वतःचं बोट त्याच बैठकीत यंत्रानं ओळखलेलं हवं." तिने मान वर केली. "या खोलीत तसं एकच माणूस आहे."

तिघीजणींनी दोरवालीकडे पाहिले.

"तुम्ही यांना ओळखता?" शाखेतली बाई म्हणाली. तिचा आवाज एकाएकी कचेरीतला झाला होता. लेखणी कागदावर टेकलेली होती.

दोरवाली उठून भट्टीवालीसमोर येऊन बसली. तिने तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, तळवा वर केला, आणि जपून, फोडांच्या कडेकडेने बोट फिरवले. तर्जनीच्या मुळाशी एक फोड होता, फुटून पुन्हा भरलेला. नवशिकी बाई काथ्या सुटेल या भीतीने आवळून धरते, तेव्हा तो तिथेच येतो. तिलाही तिथेच आला होता, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात. अंगठ्याच्या बाजूला कापल्यासारखी लांब रेघ होती. ती पीळ उलटा जात असताना दोर धरून ठेवल्याची होती. सोडून द्यायला हवा होता, हिने सोडला नव्हता.

"घट्ट धरतेस," ती म्हणाली.

"मावशींनी शंभरदा सांगितलं," भट्टीवाली म्हणाली. "सुटलाच नाही हातून."

"ताई," शाखेतली बाई म्हणाली, "मला लिहायचंय. ओळखता ना?"

"ओळखते."

"किती वर्षांपासून?"

दोरवालीचे बोट मनगटावर सरकले. त्याखाली भट्टीवालीची नाडी लागत होती.

"आठ म्हण," शिंपीण पाठीमागून कुजबुजली.

"आठ वर्षं लिहा," दोरवाली म्हणाली. "हातांची ओळख मात्र आत्ताची आहे."

कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. शाखेतल्या बाईची लेखणी क्षणभर थांबली. मग तिने आठ लिहिले आणि यंत्र पुढे सरकवले. दोरवालीने डाव्या हातात भट्टीवालीचा हात तसाच धरून ठेवला, आणि उजवा अंगठा काचेवर टेकवला.

प्रकाश हिरवा झाला. तिने अंगठा उचलला नाही. अजून दोघी राहिल्या होत्या.